सॉफ्टबॉलच्या पोरींना दाखवायचीय : काळ्या बेसबॉल खेळाडूंवरची कुठली डॉक्युमेंटरी?

डायमंडमास्तर (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मी शाळेत पी.टी. शिकवतो, २२ वर्षं झाली. आमच्याकडं मुलींची सॉफ्टबॉलची टीम आहे. सातवी ते दहावीच्या १४ पोरी. कोल्हापुरात सॉफ्टबॉल म्हटलं की समोरचा "आस्सं" म्हणतो आणि दुसऱ्या वाक्याला पाटाकडील-दिलबहारच्या फुटबॉलवर येतो. त्याची काय चूक नाही. फायनलला शाहू स्टेडियमवर मी पण घसा बसेपर्यंत ओरडतो. पण आमची पण एक टीम आहे हो, एवढंच.

तर झालंय असं, पावसानं मैदानात भाताची लावण करता येईल एवढा चिखल झालाय. तीन आठवडे प्रॅक्टिस बंद. पोरी व्हरांड्यात टेनिस बॉलनं कॅच खेळतात आणि बोलणी मी खातो. परवा आमच्या कॅचरनं (बॅटरच्या मागं बसून बॉल पकडते ती) विचारलं, "सर, बेसबॉलात जगात भारी कॅचर कोण?" मी जरा शहाणपणा करत म्हटलं, "जॉश गिब्सन." कुठंतरी वाचलेलं डोक्यात होतं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगनं २०२४ मध्ये जुने हिशोब नव्यानं मांडले, काळ्या खेळाडूंच्या लीगचे आकडे त्यात धरले, आणि कारकिर्दीतल्या सगळ्यात मोठ्या बॅटिंग सरासरीचा मान टाय कॉबकडून या गिब्सनकडं गेला. ०.३७२. हजार वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर ३७२ वेळा हिट.

पोरीला सरासरीत काडीचा रस नाही. "व्हिडिओ दाखवा."

मोबाईलवर शोधला. थोडंसं धुरकट काहीतरी सापडलं, बॅट फिरली का नाही तेपण कळेना. तर ही म्हणते, "एवढा भारी होता तर कुणी शूटिंग का केलं नाही? आमच्या म्हशीचा पण व्हिडिओ हाय."

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी म्हणालो, "काळा होता म्हणून." म्हणून झाल्यावर माझं मलाच ते उत्तर अर्धं कच्चं वाटलं.

तालमीच्या माडीवर गणपतीसाठी घेतलेला प्रोजेक्टर आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास मिळतील. या लीगवर डॉक्युमेंटरी बऱ्याच दिसतात, त्यातली कुठली लावू? पोरींचं इंग्रजी यथातथा आणि माझं त्याहून एक बोटभर वर. झाडाला लटकवलेल्या माणसांचे फोटो मध्येच आले तर १२ वर्षांच्या पोरींसमोर काय करू, ही धास्ती आहे. त्या लीगच्या नावातच जो शब्द आहे तो वर्गात कसा उच्चारायचा, हे पण सांगा. आणि मला पोरींना रडवून घरी पाठवायचं नाही. पुढच्या महिन्यात जिल्हास्पर्धा आहे.

पांढरारस

सर, '४२' लावा की! जॅकी रॉबिन्सनवरचा पिक्चर, काळ्यांवरची बंदी मोडून मोठ्या लीगमध्ये गेला तो. रूमवर सगळ्यांनी बघितलाय. नाद खुळा.

डायमंडमास्तर

भावा, बघितलाय, चांगलाच आहे. पण त्यात नट आहे. हिला खरा माणूस बघायचाय.

कटिंगताई

सर, तुमच्या कॅचरला माझा नमस्कार सांगा. तिनं जे विचारलं तिथंच या सगळ्या डॉक्युमेंटरींची गाडी अडते.

मी एडिटर आहे. राजारामपुरीत एका स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी कापत शिकले, आता पुण्यात डॉक्युमेंटरी कापते. त्यामुळं कुठलीही फिल्म बघताना माझं पहिलं लक्ष असतं, हिच्या एडिटरच्या टेबलावर माल काय आला असेल? या विषयात माल फारच थोडा. न्यूजरीलवाले कॅमेरे गोऱ्यांच्या स्टेडियममध्ये जायचे. काळ्यांच्या लीगचा स्कोअर गोऱ्यांची बरीच वर्तमानपत्रं छापायची पण नाहीत. फोटो काढले ते काळ्यांच्याच पेपरांनी. पिट्सबर्ग कुरिअरचा एक फोटोग्राफर होता, टीनी हॅरिस. त्याला 'वन शॉट' म्हणायचे, कारण एका प्रसंगाचा एकच फोटो काढून निघायचा. त्याच्या जवळपास ८०,००० निगेटिव्ह पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमनं जपून ठेवल्यात. म्हणजे तिला सांगा, शूटिंग फारसं झालं नाही, पण त्यांच्यातलाच एक माणूस कॅमेरा घेऊन उभा होता.

आता हलणारं चित्र नाही तर फिल्म कशी करायची? दोनच वाटा. फोटोवरून कॅमेरा हळूहळू सरकवायचा, आणि म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. पहिल्या वाटेचा राजा केन बर्न्स. त्याची 'बेसबॉल' ही मालिका १९९४ ची, नऊ भाग, १८ तासांच्या वर. गंमत म्हणजे त्या वर्षी मोठ्या लीगमध्ये खेळाडूंचा संप होता, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, आणि मैदानं ओस पडलेली असताना सप्टेंबरमध्ये ही मालिका टीव्हीवर लागली. तो फोटोवरून सरकायचा प्रकार आता सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याच नावानं बटण होऊन बसलाय. आम्ही राजारामपुरीत नवरीच्या अल्बमला तोच इफेक्ट लावत होतो. माणसाचं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

त्या मालिकेचा पाचवा भाग 'शॅडो बॉल'. तुमच्या कामाचा तोच, पण सगळा लावू नका, दोन तास इंग्रजी ऐकून पोरी झोपतील.

म्हाताऱ्यांची वाट ऐंशीच्या आसपासच्या दोन छोट्या फिल्मनी धरली. 'ओन्ली द बॉल वॉज व्हाइट' अर्ध्या तासाची, निवेदन पॉल विनफील्डचं. दुसरी 'देअर वॉज ऑलवेज सन शायनिंग समप्लेस', तासाभराची, निवेदन जेम्स अर्ल जोन्सचं. पोरींना सांगा, लायन किंगमधल्या मुफासाचा आवाज. लगेच कान टवकारतील. या दोन्ही मला बर्न्सपेक्षा जवळच्या वाटतात. व्हायोलिन कमी आहे, आणि जे खेळले तेच खुर्चीत बसून बोलतायत.

पण एक लक्षात ठेवून बघा. गिब्सन यातल्या कुठल्याच फिल्ममध्ये बोलत नाही. तो २० जानेवारी १९४७ ला गेला, ३५ वर्षांचा. रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिने पण नाहीत मध्ये. त्यामुळं गिब्सन आपल्याला भेटतो तो दुसऱ्यांच्या तोंडून. आणि ही दुसरी मंडळी म्हणजे एकापेक्षा एक गप्पिष्ट. हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनातल्या, त्याच्या पाटीवर 'जवळजवळ ८०० होमरन' लिहिलंय. लीगचे मोजलेले सामने धरले तर आकडा २०० च्या आतच राहतो. कुणी खोटं बोललं असं नाही. ही मंडळी लीगपेक्षा जास्त सामने गावोगाव फिरून खेळायची, आज या गावच्या टीमशी, उद्या त्या कारखान्याच्या टीमशी. ते हिशोबात कोण धरणार? आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखं. मैदान मारलेलं गावाला माहीत, कागदावर काही नाही.

बर्न्सच्या मालिकेनं ज्याला घराघरांत नेलं तो बक ओनील. कॅन्सस सिटी मोनार्क्सचा खेळाडू, पुढं मॅनेजर. मालिका लागली तेव्हा ८२ वर्षांचा. असा माणूस एडिटरला आयुष्यात एकदा मिळतो. डोळे मिचकावतो, थांबतो, पुन्हा सुरू करतो, कापायला जागाच देत नाही. तो एक गोष्ट नेहमी सांगायचा. १९४५ मध्ये रॉबिन्सन मोनार्क्सकडून खेळत होता. ओक्लाहोमातल्या मस्कोगीला बस पेट्रोल भरायला थांबली. दोन टाक्या, ५०-५० गॅलनच्या. रॉबिन्सन संडासाकडं निघाला. पंपवाला म्हणाला, तिकडं जायचं नाही. रॉबिन्सन वळला आणि म्हणाला, मग नळी काढ टाकीतून. १०० गॅलनचं गिऱ्हाईक एका दिवसात दोनदा येत नाही. पंपवाल्यानं मुकाट दार मोकळं केलं. ओनील हे असं सांगायचा की पेट्रोलचा वास यावा. पण ओनील तेव्हा नौदलात होता. बसमध्ये नव्हताच! त्याला टीममधल्या पोरांनी सांगितलेलं, आणि सांगून सांगून ते त्याचं झालं. माझ्या मते त्यानं गोष्ट खोटी पडत नाही. पण पोरींना हे पण सांगा. त्यांना आवडेल.

तुमच्या दोन तासांसाठी माझा सल्ला सॅम पोलार्डच्या 'द लीग'चा, २०२३ ची, पावणेदोन तास. माल तोच, म्हणजे फोटो, जुनं फुटेज, जुन्या मुलाखती, पण ती नुसतं दुःख सांगत नाही, धंदा सांगते. रूब फॉस्टर नावाचा आडदांड पिचर (आपल्या बॉलरसारखा), त्यानं १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीच्या पासेओ वायएमसीएत टीममालकांना बसवून आठ संघांची लीग उभी केली. मोनार्क्सच्या मालकानं १९३० मध्ये ट्रकवर लाईटचे खांब चढवून गावोगाव रात्रीचे सामने लावले. मोठ्या लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना झाला १९३५ ला! पिट्सबर्गचा गस ग्रीनली आकड्यांच्या जुगारातला मोठा शेठ. आपल्याकडं मटका म्हणतात तसलंच. त्यानं १९३२ मध्ये एक लाख डॉलरच्या आसपास घालून स्वतःचं स्टेडियम बांधलं, कारण दुसऱ्याच्या मैदानात आपल्या खेळाडूंना कपडे बदलायला खोली मिळत नाही. हा भाग पोरी झोपेतून उठून बघतील. आधी एकटे बसून पूर्ण बघा, वेळ टिपून ठेवा, नको ते वगळा. ४० मिनिटांच्या वर जाऊ नका. विकतची किंवा भाड्याची घ्या सर, मोफतच्या प्रिंटला आवाज फाटतो आणि आमच्यासारख्यांचं पोट पण फाटतं.

शब्दाचं म्हणाल तर, 'निग्रो लीग' हे त्या लीगचं त्यांनीच घेतलेलं नाव आहे, तेवढ्यापुरतं तसंच म्हणा. माणसाबद्दल बोलताना कृष्णवर्णीय किंवा सरळ काळे खेळाडू. एकदा सांगितलं की पोरींना समजतं, आपल्याकडं पण जुन्या कागदांत असलेले पण आज तोंडानं उच्चारायचे नाहीत असे शब्द काय कमी आहेत?

जुनाखासबाग

मास्तर, रामराम. माझं वय ७४. ताईंनी लिहिलंय ते चांगलं लिहिलंय, अभ्यास दिसतोय. पण एक बोलू का? राग मानू नका. कोल्हापूरच्या पोरींना वर्णभेद शिकवायला सातासमुद्रापलीकडं जायची गरज काय?

तुमच्या शाळेपासून भाऊसिंगजी रोड किती लांब असेल? तिथं गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल होतं. हा माणूस शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारलं. पाण्याला! महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना फोडून काढलं, गंगारामला पैसे दिले, स्वतःचं काहीतरी कर म्हणाले. त्यानं हॉटेल काढलं, सत्यसुधारक. लोक चहा प्यायला येईनात. तर महाराज स्वतः रस्त्यात गाडी थांबवून गंगारामच्या हातचा चहा प्यायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींना पाजायचे. माझे आजोबा सांगायचे, बड्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे म्हणून. (आजोबांनी बघितलं होतं का ऐकलं होतं, हे आता ताईंचं वाचून माझ्या मनात आलं.)

आणि खेळातलंच पाहिजे तर पळवणकर बाळू. पुण्यात क्रिकेट खेळायचा. मैदानात त्याच्या बॉलिंगवर टाळ्या, आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ ला इंग्लंडला गेला आणि शंभरावर विकेटा घेऊन आला. हिंदूंच्या टीमचं कप्तानपद त्याला दिलं नाही ते नाहीच. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ ला कप्तान झाला. (पुढं ३७ च्या निवडणुकीत हाच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला, तो वेगळा विषय आहे, इथं काढत नाही.)

अजून एक. ताईंनी लिहिलं १३ फेब्रुवारी १९२०. आमच्या माणगावची परिषद, जिथं शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंडपात आले, ती २१ आणि २२ मार्च १९२०. सव्वा महिन्याचं अंतर. तेवढं पोरींना सांगाच.

कटिंगताई

आबा, राग कसला. तारखांचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. मास्तर, माणगाव सांगाच.

पण "हे तेच ते" असं म्हणू नका, एवढी विनंती. बाळू सवर्णांच्या टीममध्येच खेळला. त्याच्यासाठी भिंत चहाच्या किटलीपाशी होती, मैदानात नव्हती. अमेरिकेत भिंत मैदानाच्या फाटकावरच. आणि मोठ्या लीगचा लेखी नियम कुठंच नाही! मालकांचा आपापसातला तोंडी समझोता. मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा एक काळा कॅचर (तुमच्या पोरीसाठी मुद्दाम सांगते, कॅचर) १८८४ मध्ये टोलेडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला, त्या मोसमात त्याचा भाऊ पण थोडे सामने खेळला, आणि मग १९४७ पर्यंत शुकशुकाट. ६३ वर्षं. फॉस्टरनं म्हणून स्वतःचं घर बांधलं. भिंत पडली तेव्हा ते घर पण पडलं, हे फिल्ममध्ये बघून मला फार लागलं. चांगले खेळाडू मोठ्या लीगनं उचलले. मोठ्या लीगमधल्या ब्रुकलिनच्या टीमचा कारभारी ब्रँच रिकी, त्यानं रॉबिन्सनला नेलं तेव्हा मोनार्क्सना एक दमडी दिली नाही. नेवार्क ईगल्सची मालकीण एफा मॅनली मात्र तिचा खेळाडू लॅरी डोबी मोठ्या लीगनं नेला त्या वेळी अडून बसली आणि पैसे घेतलेच. १९४८ नंतर फॉस्टरच्या लीगचं नाव लावणारी लीग बंदच झाली. तिकीट विकणारे, बस चालवणारे, खेळाडूंना ठेवून घेणाऱ्या खानावळी, सगळ्यांचा धंदा बसला. आनंदाची बातमी आणि कुलूप एकाच वेळी. हे १३ वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, मला नाही जमायचं.

कॅन्ससची_सून

मास्तर, पोरींची टीम आहे आणि अजून कुणी टोनी स्टोनचं नाव घेतलं नाही? कमाल आहे.

मी मूळची शाहूपुरीची, आता कॅन्सस सिटीपासून तासाभरावर राहते. १९५३ मध्ये काळ्यांच्या उरलेल्या लीगमधल्या इंडियानापोलिस क्लाउन्सनं टोनी स्टोनला सेकंड बेसवर घेतलं. पुरुषांच्या टीममध्ये, शोभेला नाही, खेळायला. आदल्या वर्षीच त्या टीममधून हँक ॲरन (पुढं होमरनसाठी गाजला तो) गेला होता. पुढच्या वर्षी ती मोनार्क्सकडं आली. तिच्या मागोमाग मॅमी जॉन्सन पिचर म्हणून आणि कॉनी मॉर्गन सेकंड बेसवर. तुमच्या सेकंड बेसवालीला सांगा.

इथं १८ वा रस्ता आणि व्हाइन स्ट्रीटच्या चौकात निग्रो लीगचं म्युझियम आहे, १९९० मध्ये सुरू झालेलं. गेल्या वर्षी बाबा आले होते तेव्हा घेऊन गेले. आत शिरल्या शिरल्या खेळाचा डायमंड, म्हणजे बेसबॉलचं चौकोनी मैदान दिसतं, त्यावर ब्राँझचे पुतळे उभे, गिब्सन कॅचरच्या जागी बसलेला. पण मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली जाळी. त्या काळी काळ्या प्रेक्षकांना जाळीमागं बसवायचे, ते तुम्हाला भोगायला लावतात. सगळं म्युझियम त्या जाळीच्या कडेकडेनं फिरायचं आणि शेवटी दार उघडतं, मग पुतळ्यांत जाता येतं. बाबा अर्ध्यातच वैतागले. "तिकीट काढून पण जाळीबाहेरच?" मी म्हटलं, तेच तर आहे बाबा. मग ते गप्प झाले आणि शेवटी गिब्सनच्या पुतळ्यापाशी खाली उकिडवे बसून फोटो काढून घेतला. गुडघे धरले ते वेगळंच.

बक ओनीलचा पुतळा पण तिथं आहे. त्याची पुढची गोष्ट ताईंनी लिहिली नाही. २००६ मध्ये हॉल ऑफ फेमनं काळ्या लीगमधल्या १७ जणांना एकदम घेतलं. एफा मॅनली त्यातच, हॉलमधली पहिली बाई. ओनीलला मात्र वगळलं, एका मतानं हुकला असं इथं सगळे सांगतात. आणि जुलैमध्ये त्या १७ जणांच्या वतीनं भाषण कुणी केलं? ओनीलनंच. सगळ्यांना हातात हात धरायला लावून गाणं म्हणायला लावलं. ऑक्टोबरमध्ये गेला, ९४ वर्षांचा. हॉलमध्ये घेतलं २०२२ ला. त्या भाषणाचा व्हिडिओ छोटा आहे, इंग्रजी नाही कळलं तरी चालतंय.

पांढरारस

मास्तर, मग लावलं काय? काय झालं सांगा की.

डायमंडमास्तर

लावलं. उशीर झाला लिहायला, स्पर्धेची गडबड होती.

ताईंनी सांगितलं तसं आधी घरी बसून 'द लीग' पूर्ण बघितली, वहीत मिनिटं टिपली, नको ते गाळलं. शनिवारी १४ पैकी १२ पोरी आल्या, वर चार भाऊ फुकटात. भडंग मी आणलं होतं. आबा, सुरुवातीला बाळू आणि गंगारामच सांगितले. भाऊसिंगजी रोडचं हॉटेल म्हटल्यावर एकीनं विचारलं, "आता तिथं काय आहे सर?" मला नेमकी जागा सांगता येईना. बघून ठेवतो.

फॉस्टर झाला, लाईटचे ट्रक झाले, ग्रीनलीचा आकडा आला तेव्हा चार भावांपैकी एक भलताच हसला, त्याच्या घरी फोन करावा का हा विचार करतोय. त्या लीगचा गाजलेला पिचर सॅचेल पेज आला. मी मध्ये थांबवून सांगितलं, हा बाबा ४२ व्या वर्षी मोठ्या लीगमध्ये आला, आणि १९६५ मध्ये ५९ वर्षांचा असताना पुन्हा एकदा तीन इनिंग टाकल्या, एक पण रन दिली नाही. बाजूला डोलणारी खुर्ची टाकून बसायचा, शेजारी नर्स. "सर, तुमचं वय किती?" हे विचारलं गेलंच.

आणि २३ व्या मिनिटाला वीज गेली.

माडीवर मिट्ट अंधार, बाहेर पाऊस. पोरी किंचाळल्या, मग खिदळल्या. काय करणार, मी त्याच लीगमधल्या कूल पापा बेलची गोष्ट काढली. बेल एवढा जोरात पळायचा की दिव्याचं बटण बंद करून, खोलीत अंधार व्हायच्या आत अंथरुणात शिरायचा. पेज सांगत फिरायचा ही. सगळ्या "हॅ, हॅ" करायला लागल्या. कॅचर अंधारातनं म्हणाली, "सर, वायरिंग खराब असणार. आमच्या गोठ्यातला बल्ब पण बटण दाबल्यावर उशिरा जातो."

मी घरी येऊन शोधलं. गोष्टीचा उरलेला भाग तोच आहे हो! हॉटेलातलं बटण बिघडलेलं होतं, दिवा थोडा उशिरा विझायचा, हे बेलच्या लक्षात आलं आणि त्यानं पेजशी पैज लावली, असं सांगतात. ओनील बसमध्ये नव्हता हे मी आधीच सांगितलं होतं, त्यामुळं आता पोरी कशावरच विश्वास ठेवत नाहीत. टोनी स्टोन तेवढी सगळ्यांना खरी वाटली. सेकंड बेसवाली तेव्हापासून जरा ताठ चालतेय.

वीज येईना. मग मी म्हटलं, चला, शॅडो बॉल खेळू. ही मंडळी सामन्याआधी प्रेक्षकांना हसवायला बॉलशिवाय खेळायची. पिचर हात फिरवणार, बॅटर हवेत मारणार, शॉर्टस्टॉप सूर मारून नसलेला बॉल उचलणार आणि फर्स्ट बेसला फेकणार, आणि बघणाऱ्याला बॉल दिसायलाच पाहिजे. खिडकीतनं जेवढा उजेड येत होता तेवढ्यात सुरू झाल्या. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ, तीन पोरींच्या हातात तीन बॉल. मग हळूहळू जमलं. फर्स्ट बेसवालीचा हात बरोबर वेळेला मिटायला लागला, थ्रो जोराचा आला तर ती मागं रेलायला लागली. खालून तालमीतले वस्ताद धडधड ऐकून वर आले. दारात उभे राहिले, दोन मिनिटं मान इकडून तिकडं फिरवत राहिले. मग एकीनं सोपा कॅच सोडला तर त्यांच्याच तोंडून गेलं, "सोडला की गं!"

कॅचर माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, शूटिंग करा." केलं. मोबाईलवर, ४० सेकंद, अंधारात. पालकांच्या ग्रुपवर टाकलं. रात्री एका वडिलांचा मेसेज आला, "मास्तर, व्हिडिओत बॉल दिसत नाही, माझंच नेट स्लो आहे काय?"